गाठीचे इंग्रजी वाक्प्रचार मराठीत आणताना

काही वर्षांपूर्वी कोल्हापुरातील एका रुग्णालयासाठी मी मान आणि पाठदुखीच्या व्यायामांची एक छोटी पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करून दिली होती. मूळ मजकुरात खांद्याच्या स्नायूंमधील ‘नॉट्स’ हा शब्द वारंवार आला होता आणि मी तेथे सरळ ‘गाठी’ असे लिहिले. पुस्तिका हाती पडल्यानंतर आठवड्याभरात गडहिंग्लजकडच्या एक आजी मुलाला बरोबर घेऊन घाबऱ्याघुबऱ्या रुग्णालयात आल्या आणि त्यांनी विचारले, “गाठ म्हंजे तसलंच काहीतरी असतंय न्हवं?” त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी नुसते ‘तुमचे खांदे आखडले आहेत’ एवढेच सांगितले होते, गाठ मी दिली होती. इंग्रजी वाक्याच्या दृष्टीने माझे भाषांतर चूक नव्हते, पण मराठी वाचकाच्या दृष्टीने ते अत्यंत चूक होते, कारण मराठीत शरीराच्या संदर्भात ‘गाठ’ म्हटले की ती हाताला लागणारी, वाढणारी आणि भीती घालणारी गाठ असते.

त्या दिवसापासून इंग्रजीतील ‘नॉट’ हा शब्द दिसला की मी थांबतो. शिवाजी विद्यापीठात भाषांतराचा अभ्यास करणारे विद्यार्थी, वृत्तपत्राच्या कचेरीत रात्री वृत्तसंस्थेचा इंग्रजी मजकूर मराठीत उतरवणारे उपसंपादक आणि स्पर्धा परीक्षांसाठी वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करणारी मुले या सर्वांना उपयोगी पडावी म्हणून माझी थांबण्याची आणि पुढे जाण्याची पद्धत येथे मांडत आहे.

पद्धतीचा गाभा एका प्रश्नात आहे आणि तो शब्दकोश उघडण्यापूर्वी विचारायचा आहे: या वाक्यातील गाठ नेमके काय करते आहे? ती दोन टोके जोडते आहे, सरळ दोरीचा गुंता करते आहे, कोठे तरी आवळते आहे, की केवळ खूण म्हणून मारलेली आहे? इंग्रजीत या सर्व कामांसाठी एकच शब्द पुढे येतो. मराठीत मात्र प्रत्येक कामासाठी वेगळा शब्द, आणि पुष्कळदा गाठीशी काहीही संबंध नसलेला शब्द, आधीपासून रूढ असतो. गाठीचे काम ओळखले की भाषांतर निम्मे झाले.

जोडणारी गाठ

‘टाय द नॉट’ म्हणजे लग्न करणे, आणि येथे मराठीला फारसे कष्ट पडत नाहीत. सप्तपदीच्या वेळी वधूवरांच्या वस्त्रांना गाठ मारण्याची रीत आपल्याला परिचित आहे, ‘लग्नगाठ’ हा शब्द आपला आहे आणि लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात असे आपण म्हणतोच. तरीही दोन गोष्टी जपाव्या लागतात. ‘लग्न’ हा शब्द गाळून ‘त्या दोघांनी मे महिन्यात गाठ बांधली’ असे लिहिले तर वाचक पुढील शब्दांची वाट पाहत राहतो, कारण ‘मनाशी गाठ बांधणे’ म्हणजे निश्चय करणे आणि निश्चय कशाचा हे त्याला कळलेले नसते. दुसरी गोष्ट वाक्याच्या सुराची आहे. इंग्रजीत ‘टाय द नॉट’ हा हलका, बोलण्यातला आणि बातमीच्या मथळ्यात शोभणारा प्रयोग आहे, तर ‘लग्नगाठ बांधणे’ त्यामानाने थोडे भारदस्त वाटते. बातमीत ते चालते. दोन मित्रांच्या संवादात मात्र ‘दोनाचे चार हात झाले’ किंवा ‘एकदाचा बोहल्यावर चढला’ हेच कानाला खरे वाटते. वृत्तपत्रांत सर्रास दिसणारा ‘विवाहबंधनात अडकले’ हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना टाळायला सांगतो. ज्या प्रसंगाचे आपण अभिनंदन करतो आहोत त्यासाठी ‘अडकणे’ हे क्रियापद का वापरावे, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

याच कुळातील ‘गेट हिच्ड’ हा प्रयोग आणखी सैल आणि घरगुती आहे. ‘हिच’ म्हणजे दोरी खांबाला, कड्याला किंवा दुसऱ्या एखाद्या वस्तूला बांधण्याची गाठ. जनावर गाडीला जुंपण्यासाठीही हाच शब्द वापरतात. ‘लग्न उरकून टाकले’ हा मराठी सूर त्याच्या जवळ जातो. ‘विदाउट अ हिच’ म्हटले की तोच शब्द अडथळ्याच्या अर्थाने येतो आणि तेथे ‘निर्विघ्नपणे’ किंवा ‘सुरळीत’ एवढे पुरते.

गुंता करणारी गाठ

‘नॉटी प्रॉब्लेम’ हा प्रयोग शिकवताना मला दरवर्षी एक गोष्ट फळ्यावर लिहून दाखवावी लागते. अवघड, गुंतागुंतीचा या अर्थाचा ‘नॉटी’ आणि खोडकर या अर्थाचा ‘नॉटी’ हे इंग्रजीत वेगळ्या अक्षरांनी लिहिलेले आणि वेगळ्या मुळांतून आलेले शब्द आहेत, पण देवनागरीत ते एकसारखेच उमटतात आणि आपल्या उच्चारातही पुष्कळदा एकच होतात. गाठीच्या इंग्रजी शब्दाच्या आरंभी ‘के’ हे अक्षर असते. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चारही होत असे, आज ते फक्त लिहिण्यात उरले आहे. ऐकून लिहिताना हा भेद सुटला की प्रश्न ‘खोडकर’ होऊन बसतो.

या अर्थासाठी मराठीत ‘तिढा’ हा अतिशय नेमका शब्द आहे. तिढा म्हणजे मुळात पीळ, आणि पीळ पडलेली दोरी ओढून सरळ होत नाही, ती उलगडावीच लागते. कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत शहराच्या हद्दवाढीचा तिढा वर्षानुवर्षे वाचायला मिळतो आणि जागावाटपाचा तिढा प्रत्येक निवडणुकीत असतोच. त्यामुळे वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ‘गुंता’ थोडा सौम्य आहे, ‘पेच’ डावपेचांकडे झुकतो. तिढा सुटतो, गुंता उकलतो आणि पेच निर्माण होतो किंवा टळतो. क्रियापदांच्या या जोड्या पाळल्या नाहीत तर शब्द बरोबर असूनही वाक्य परके वाटते.

‘टाय वनसेल्फ इन नॉट्स’ म्हणजे समजावून सांगण्याच्या किंवा बाजू सावरण्याच्या प्रयत्नात स्वतःच गोंधळून जाणे. ‘त्याने स्वतःला गाठींमध्ये बांधून घेतले’ हे वाक्य मी छापील पुस्तकात वाचलेले आहे आणि वाचताना मला मनापासून वाईट वाटले, कारण ‘सारवासारव करता करता तो आणखीच गुंतत गेला’ हे वाक्य भाषांतरकाराच्या हाताशी होते. तोच प्रयोग दुसऱ्या माणसाच्या संदर्भात आला, म्हणजे कोणी कोणाला ‘नॉट्स’मध्ये बांधले, तर प्रसंग पाहावा लागतो. उलटतपासणीत वकील साक्षीदाराची भंबेरी उडवतो आणि वादात हुशार वक्ता समोरच्याला निरुत्तर करतो. खेळाच्या वर्णनात, विशेषतः कोल्हापुरी वाचकासाठी, कुस्तीच्या शब्दांची मदत घ्यायला हरकत नाही; ज्या गावातील माणूस मोतीबाग किंवा गंगावेश तालमीतील पैलवानांविषयी ऐकत मोठा झाला, त्याला ‘मोळी’ डावाने आवळलेला पैलवान डोळ्यांसमोर आणणे सोपे जाते. मात्र मूळ मजकूर फुटबॉलचा असेल तर ही उपमा जपून वापरावी, नाहीतर वाचक मैदान सोडून आखाड्यात जातो.

आता गाठीच्या सर्व वाक्प्रचारांत ज्याला खरा इतिहास आहे त्या ‘गॉर्डियन नॉट’कडे वळतो. फ्रिजिया या प्राचीन राज्याची राजधानी गॉर्डियम आजच्या तुर्कस्तानात, अंकाराच्या नैर्ऋत्येला होती. तेथे एका जुन्या गाडीचे जू दांड्याला झाडाच्या सालीच्या दोराने असे बांधलेले होते की गाठीचे टोक कोठे आहे हेच दिसत नसे. जो ती सोडवील तो आशियाचा स्वामी होईल अशी तेथे समजूत होती. इसवी सनपूर्व ३३३ मध्ये अलेक्झांडर तेथे आला आणि प्रचलित कथेप्रमाणे त्याने तलवारीने ती गाठ कापली. अलेक्झांडरच्या बरोबर असलेल्या अरिस्टोब्युलसने दिलेली हकीकत मात्र वेगळी आहे: अलेक्झांडरने दांड्यातील खुंटी उपसून काढली, त्यामुळे दोर सैल पडला आणि जू सुटे झाले.

या दोन कथांमधील अंतर भाषांतरकाराने लक्षात ठेवावे असे मला वाटते. इंग्रजीत रूढ झालेला ‘कट द गॉर्डियन नॉट’ हा प्रयोग पहिल्या कथेवर उभा आहे. न सुटणाऱ्या प्रश्नाच्या नियमांत न अडकता धडाक्याने तो संपवणे हा त्याचा अर्थ, आणि त्यासाठी मराठीत ‘एक घाव दोन तुकडे करणे’ इतका चपखल वाक्प्रचार आहे की त्यातील शस्त्रसुद्धा जागेवर राहते. लेखकाला धडाक्यापेक्षा चातुर्य सांगायचे असेल तर ‘तिढ्याची युक्तीने उकल केली’ असे लिहावे. नुसता ‘गॉर्डियन नॉट’ आला आणि लेख इतिहासाचा किंवा राजनीतीचा असेल, तर ‘गॉर्डियन गाठ’ असे ठेवून शेजारी एका वाक्यात कथा सांगणे मला योग्य वाटते. साध्या बातमीत ‘न सुटणारा तिढा’ पुरेसा आहे.

येथे एक मोह टाळावा. कापण्याचा उल्लेख दिसला की आपल्या मनात ‘परतीचे दोर कापणे’ हा प्रयोग येतो. तो १६७० मधील सिंहगडाच्या लढाईच्या कथेतून आपल्या भाषेत मुरलेला आहे, पण त्याचा अर्थ माघारीचा मार्ग स्वतःहून बंद करणे हा आहे. प्रश्न सोडवण्याशी त्याचा संबंध नाही.

आवळणारी गाठ

पुन्हा त्या पुस्तिकेकडे यावे लागेल. स्नायूंमधील ‘नॉट’साठी मराठीत ‘स्नायू आखडणे’, ‘पाठ धरणे’, ‘मान अवघडणे’, अचानक झाले असेल तर ‘उसण भरणे’ किंवा ‘लचक भरणे’ असे अनेक प्रयोग आहेत आणि त्यांत बारीक फरक आहेत. रात्रभर एका कुशीवर झोपून मान अवघडते. पोते उचलताना पाठीत उसण भरते. दिवसभर संगणकासमोर बसून खांदे आखडतात. वैद्यकीय मजकुरात हे फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात. ‘गाठ’ हा शब्द मी तेथे फक्त खरोखरच्या गाठीसाठी राखून ठेवतो.

भीती किंवा काळजीने पोटात पडणाऱ्या गाठीसाठी इंग्रजीत ‘अ नॉट इन द स्टमक’ असे म्हणतात. मराठी माणसाच्या पोटात अशा वेळी गोळा येतो. अकस्मात वाईट बातमी कळली तर पोटात खड्डा पडतो, पण निकालाच्या आदल्या रात्रीपासून रेंगाळणारी जी भीती इंग्रजी वाक्प्रचारात आहे, ती गोळ्यातच आहे.

समुद्रावरच्या गाठी

कोल्हापूर घाटमाथ्याच्या अलीकडचे गाव आहे. आंबा किंवा गगनबावड्याचा घाट उतरल्याशिवाय आपल्याला समुद्र दिसत नाही, आणि म्हणूनच जहाजांवरून आलेले इंग्रजी वाक्प्रचार आपल्या विद्यार्थ्यांना सर्वांत परके वाटतात. त्यांच्यावर थोडा अधिक वेळ खर्च करावा.

‘ॲट अ रेट ऑफ नॉट्स’ म्हणजे फार वेगाने. गाठीचा आणि वेगाचा संबंध समजण्यासाठी शिडाच्या जहाजावरील वेग मोजण्याची रीत पाहावी लागते. एका दोरीच्या टोकाला लाकडाची फळी बांधून ती जहाजाच्या मागच्या बाजूने पाण्यात टाकत. फळी पाण्यात जवळपास जागीच राही, जहाज पुढे जाई आणि दोरी हातातून सुटत जाई. त्या दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचे छोटे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या हे मोजले की जहाजाचा वेग कळत असे. पुढे रूढ झालेल्या हिशोबानुसार घड्याळ २८ सेकंदांचे आणि गाठींमधील अंतर ४७ फूट ३ इंच असे. या प्रमाणात एक गाठ म्हणजे ताशी एक सागरी मैल येतो. सागरी मैल १८५२ मीटरचा असल्यामुळे एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

‘नॉट’ या एककातच ‘ताशी’ सामावलेले आहे, म्हणून ‘ताशी ६० नॉट’ असे लिहिणे चूक आहे. अरबी समुद्रातील वादळाच्या बातम्यांत ही चूक मी पुन्हा पुन्हा पाहतो. सर्वसामान्य वाचकासाठी ‘ताशी सुमारे १११ किलोमीटर’ असे रूपांतर करून देणे उत्तम. विमानवाहतुकीतही वाऱ्याचा वेग नॉटमध्येच सांगतात, तेव्हा उजळाईवाडीच्या विमानतळाविषयी तांत्रिक मजकूर करताना एकक तसेच ठेवावे. वाक्प्रचार म्हणून आला असेल, म्हणजे एखादी शिक्षिका ‘ॲट अ रेट ऑफ नॉट्स’ बोलत असेल, तर ‘तिचे बोलणे सुसाट चालले होते’ असे लिहावे आणि समुद्राला विसरून जावे.

‘द बिटर एंड’ या प्रयोगात गाठ उघड दिसत नाही, पण दोर आहे. जहाजाच्या डेकवरील ज्या भक्कम खुंटांना नांगराचा दोर गुंडाळत त्यांना ‘बिट्स’ म्हणत आणि त्या खुंटांकडील, जहाजातच राहणारे टोक म्हणजे ‘बिटर एंड’. जॉन स्मिथ या इंग्रज दर्यावर्दीने १६२७ मध्ये हा शब्द याच अर्थाने नोंदवलेला आहे. दोर तेथपर्यंत सुटला की आणखी सोडायला काही उरत नाही. बायबलमध्येही कडू शेवटाचा उल्लेख असल्यामुळे दोन्ही अर्थ इंग्रजी कानात मिसळले असावेत. मराठीत ‘कडू शेवटापर्यंत लढले’ असे कोणी म्हणत नाही. ‘अखेरपर्यंत लढले’ म्हणावे, आणि प्रसंग तसा असेल तर ‘शेवटच्या श्वासापर्यंत’.

दोराचे इतर प्रयोग लवकर आटोपता येतात. नव्या माणसाला ‘रोप्स’ दाखवणे म्हणजे त्याला कामातील खाचाखोचा समजावून देणे. ‘ॲट द एंड ऑफ वन्स टेदर’ मधील टेदर म्हणजे जनावराचे दावे; दावे संपले की जनावर पुढे जाऊ शकत नाही, आणि मराठी माणूस अशा वेळी मेटाकुटीला येतो. ‘टाय अप लूज एंड्स’ म्हणजे राहिलेली कामे मार्गी लावणे. येथे ‘निरवानिरव’ हा सुंदर शब्द सुचतो, पण त्यात कायमचे निघून जाण्याची छाया आहे. कार्यालयातील कर्मचारी सुट्टीवर जाण्यापूर्वी निरवानिरव करत नाही. ब्रिटिश बोलीतील ‘गेट नॉटेड’ हा प्रयोग म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखे ‘चल, नीघ येथून’, एवढेच.

खुणेची गाठ

एक वाक्प्रचार असा आहे की तो मराठीत आणताना मला दरवेळी आनंद होतो. विसरू नये म्हणून हातरुमालाला गाठ मारण्याची इंग्रजांची जुनी सवय होती आणि त्यावरून ‘टाय अ नॉट इन युअर हँकरचीफ’ असे म्हणतात. आपल्याकडच्या बायका हेच पदराच्या टोकाला करत आल्या, आणि त्यातूनच ‘खूणगाठ बांधणे’ हा शब्द आपल्या भाषेत आहे. गाठ, तिचे काम आणि तिचा अर्थ अशा तिन्ही गोष्टी येथे एकत्र जुळतात. मात्र ‘खूणगाठ’ आज मनाशी बांधली जाते आणि तिच्यात निर्धाराचा अर्थ आहे, तर रुमालाची गाठ बाजारातून साखर आणायची आठवण देण्यापुरतीही असू शकते. किरकोळ आठवणीसाठी ‘पदराला गाठ मारून ठेव’ असे म्हणावे आणि गंभीर गोष्टीसाठी खूणगाठ बांधावी.

मराठी गाठीचे स्वतःचे अर्थ

इंग्रजी गाठ मराठीत आणताना मराठीच्या गाठीला स्वतःचे आयुष्य आहे हे विसरू नये. ‘गाठ पडणे’ म्हणजे भेट होणे. ‘रस्त्यात गाठ पडली’ या वाक्यात दोरी कोठेही नाही. ‘गाठणे’ म्हणजे पोहोचणे किंवा अडवून धरणे. ‘गाठीला’ पैसा असतो, ‘गाठीशी’ अनुभव असतो, कारण कधी काळी पैसे धोतराच्या किंवा पदराच्या गाठीत बांधलेले असत. ‘गाठ माझ्याशी आहे’ ही सरळ धमकी आहे. तुमच्या भाषांतरातील गाठ यांपैकी एखाद्या अर्थाच्या जवळून जात असेल तर वाचक तिकडेच वळणार, आणि त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाताना, आपल्या दोन शब्दांची काळजी घ्यावी लागते: निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ घट्ट बसते आणि सोडवायला नखे लावावी लागतात; सुरगाठ एक टोक ओढले की सुटते. एखाद्या कथेत ‘त्यांच्या नात्याला सुरगाठ होती’ असे वाक्य असेल तर इंग्रजीत नुसते ‘नॉट’ लिहून अर्थच नाहीसा होतो, कारण लेखकाने सांगितलेली गोष्ट त्या नात्याच्या सहज सुटण्याची आहे. इंग्रजी खलाशांकडे ‘स्लिप नॉट’ आहे, पण वाचकाला त्यातून फासही आठवू शकतो; म्हणून एका टोकाला ओढताच सुटणारी गाठ असे वर्णन करून टाकणे मला अधिक सुरक्षित वाटते, वाक्य चार शब्दांनी लांबले तरी.

तपासणी

भाषांतर झाले की इंग्रजी मजकूर बाजूला ठेवावा आणि फक्त मराठी वाक्य अशा माणसाला वाचून दाखवावे ज्याने मूळ पाहिलेले नाही. मी हे काम घरात आईकडून करून घेतो. वाक्य वाचून झाल्यावर “म्हंजे काय झालं?” असे तिने विचारले तर गाठ अजून इंग्रजीतच आहे असे मी धरतो आणि पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे ती गाठ काय करते आहे याकडे, येतो. ती काही न विचारता पुढचे ऐकू लागली तर वाक्य तसेच ठेवतो. रुग्णालयाच्या पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘खांद्याचे आखडलेले स्नायू मोकळे करण्यासाठी’ असे वाक्य आहे. ते मी तिला वाचून दाखवले तेव्हा तिने मध्येच थांबवून हा व्यायाम दिवसातून किती वेळा करायचा एवढेच विचारले.